सगळं लोखंडाचं हवं

१

दुपारी पावणेएकची बांग झाली की आमच्या वर्कशॉपचं शटर खाली यायचं, ते चार वाजता वर जायचं. अकरा वर्षं माझा नेम ठरलेला होता. रॉकेलने हात धुवायचे, डबा खायचा, ताट विसळून पालथं घालायचं आणि खोलीत आडवं व्हायचं. तबूक शहराबाहेर, गव्हाच्या शेतांच्या कडेला आमचं वर्कशॉप होतं. पंपाचे शाफ्ट, गिअर, नांगराचे फाळ, जे मोडेल ते मी लेथवर पुन्हा उभं करायचो. त्या वेळी तिकडे दुपारी कुत्रंसुद्धा हलत नाही. थंडीच्या दिवसांतही नाही.

दोन हजार सहाच्या जानेवारीत एका सोमवारी, डबा उघडत होतो तेवढ्यात मालकाचा ड्रायव्हर आला. अबू राशिदनी बोलावलंय, म्हणाला. येताना लोहचुंबक घेऊन यायला सांगितलंय.

अबू राशिद म्हणजे माझे कफील, ज्यांच्या नावावर माझा तिथला परवाना होता ते मालक. वय एकाहत्तर. माझा पासपोर्ट त्यांच्या कपाटात होता, आणि एप्रिलात माझ्या किशोरीचं लग्न होतं. सुट्टीचा अर्ज देऊन महिना झाला होता, उत्तर नव्हतं. म्हणून जेवण तसंच झाकून मी निघालो.

त्यांचं घर मोठं, पण घरात माणूस नाही. बायको दोन वर्षांपूर्वी गेलेली, मुलगे रियाधला. ते आणि घरकाम करणारी हैदराबादची ताजुन्निसा, एवढीच दोघं. बैठकीची खोली, तिकडे तिला मजलिस म्हणतात, घराच्या एका अंगाला होती. तीस फूट लांब, तिन्ही भिंतींना लागून जमिनीवर गाद्या आणि लोड, मध्ये मोकळा गालिचा. खिडक्या उंचावर, दुधी काचेच्या. दार एकच.

पूर्वी मी तिथे गेलो की म्हातारा थेट पलीकडच्या भिंतीला, यजमानाच्या जागी बसलेला असायचा. त्या दिवशी ते दारापासून तिसऱ्या गादीवर बसले होते. पुढ्यात पंचा अंथरलेला आणि त्यावर तीन पिस्तुलं.

माझे पाय दारातच थांबले. हिंदी माणसाच्या हातात तिथे कुणी पिस्तूल बघितलं तर पुढचं विचारायलाच नको. त्यांनी परवान्याचा कागद माझ्यापुढे सरकवला. कागद त्यांच्या नावाचा होता, रीतसर होता. भाच्याने दुकानातून तीन दाखवायला आणली होती, एक ठेवून दोन परत जायची होती. फार किमतीचं नको, पण धातूचं हवं, म्हणाले. त्यातलं मला कळतं, हे त्यांच्या लक्षात होतं. सौदीला येण्याआधी अठरा वर्षं मी ऑर्डनन्स फॅक्टरीत तपासणी खात्यात होतो.

मी विचारलं, कशासाठी हवंय.

"स्वतःच्या रक्षणासाठी," ते म्हणाले.

तेव्हाचे दिवसच तसे होते. आदल्या दोन-तीन वर्षांत रियाधकडे, खोबरकडे जे हल्ले झाले ते सगळ्यांच्या मनात होते. एकटा म्हातारा माणूस, शेतावरचं घर. मला त्यात वावगं दिसलं नाही.

पहिलं पिस्तूल नवं होतं, पण सांगाडा प्लास्टिकचा. त्याला त्यांनी बोटही लावलं नाही. दुसऱ्याचा सांगाडा अ‍ॅल्युमिनियमचा, घडण सफाईची, वजनाला हलकं. तिसरं जुनं, अंगावरचा निळसर मुलामा झिजलेला, सगळं पोलाद, फक्त मुठीला दोन्ही बाजूंनी लाकडी पट्ट्या. तिघांत तेच स्वस्त होतं. मी एकेक रिकामं आहे ना ते बघितलं, नळीवरची सरकती स्लाइड मागे ओढली, नळी खिडकीच्या उजेडाकडे धरली, स्प्रिंग दाबून पाहिल्या. तिसरं जुनं असून निकोप होतं. तरी मी दुसरं घ्या म्हणालो. त्यांची मनगटं काटकुळी झाली होती. जड पोलाद त्यांना पेलणारं नव्हतं.

"चुंबक लाव."

अ‍ॅल्युमिनियमला चुंबक कसा चिकटणार. तो घसरून पंच्यावर पडला आणि म्हाताऱ्याने ते पिस्तूल पालथ्या हाताने दूर सारलं. मग माझ्याकडून चुंबक घेऊन तो तिसऱ्यावरून स्वतः फिरवला. सावकाश, कुठेही जागा न सोडता, आजाऱ्याच्या अंगावरून हात फिरवावा तसा. लाकडी पट्ट्यांशी येऊन हात थांबला.

"ह्या लोखंडाच्या करून देशील?"

मी म्हटलं, करीन, पण मूठ गार पडेल, हातात घसरेल.

"गार चालेल," ते म्हणाले. "सगळं लोखंडाचं हवं."

पट्ट्या काढून मी खिशात टाकल्या आणि परत आलो. डब्यातली आमटी गोठली होती. दुसरा घास तोंडात घातला तेव्हा माझ्या डोक्यात आलं की या माणसाने काडतुसांचं काहीच विचारलं नाही. किती मावतात, कुठली लागतात, किती लांब जातात, काही नाही. अठरा वर्षांत मी हत्यार हातात घेणारी शेकडो माणसं बघितली. पहिला प्रश्न तोच असतो.

२

पोलादी पट्ट्या करायला मला तीन दुपारी लागल्या. शटर बंद ठेवून, एकट्याने. कानस चालवताना मी स्वतःची समजूत घालत होतो. म्हाताऱ्या माणसाची हौस असेल. नुसतं दाखवून भीती घालायची असेल. काडतुसं भाचा आणून देणार असेल.

तिसऱ्या दुपारी ताजुन्निसा चाळणीची मोडलेली कडी घेऊन आली. आठ वर्षं त्या घरात होती. बडबडी नव्हती. कडीला डाग देऊन होईपर्यंत ती स्टुलावर बसून राहिली, आणि मग न विचारताच बोलली. बेगम गेल्यापासून मजलिसला कुलूप होतं. दिवाळीच्या सुमारास, म्हणजे आमच्या हिशेबाने, साहेबांनी ते उघडायला लावलं. तेव्हापासून दुपारची झोप सोडली. दुपारच्या नमाजानंतर आत जाऊन बसतात, साडेतीनची असरची बांग झाली की बाहेर येतात. कॉफीचे पेले दोन मागतात. पाहुणा तिने एकदाही बघितला नव्हता.

मी म्हटलं, बायकोची आठवण येत असेल. म्हातारपणी माणसं असं करतात.

"मैं भी यहीच समझी, भाई," ती म्हणाली. "मगर याद आई तो आदमी पास जाता ना? इनो तो सरकते जा रए."

मला समजलं नाही. मग तिने सांगितलं. पहिल्या दिवसांत साहेब पार पलीकडच्या भिंतीला बसायचे. चार-सहा दिवसांनी त्यांनी तिला त्यांचा लोड एक जागा अलीकडे आणायला सांगितलं. मग आणखी एक जागा. गेले तीन महिने हेच चाललंय. आता दारापर्यंत दोन गाद्या उरल्यात.

ती गेल्यावर मी पट्ट्यांना शेवटचा हात मारला. दुपारी तिथे शांतता अशी असते की कानशीचा आवाज आपल्याला कुणीतरी परत करतंय असं वाटतं. मी दोनदा हात थांबवून पाहिलं. आवाजही थांबला. अर्थात तो थांबणारच.

३

पट्ट्या बसवून दिल्या आणि नऊ दिवसांनी परत बोलावणं आलं. म्हातारा आता दाराला लागूनच्या गादीवर होता, पाठ चौकटीला टेकलेली. पिस्तूल त्यांनी डोक्याच्या रुमालात गुंडाळून माझ्या हातात दिलं.

"साफ होईल का बघ."

गंज चढला होता. स्लाइडवर आणि नळीच्या तोंडापाशी तपकिरी पट्टे. मी आधी गंजाकडे बघितलं, मग त्याच्या आकाराकडे.

तपासणी खात्यात आम्हाला एक गोष्ट पहिल्या महिन्यात शिकवतात. काही माणसांच्या घामाने पोलाद गंजतं. असा माणूस मोजमापाच्या पोलादी गेजला हात लावून गेला की दुसऱ्या दिवशी त्यावर त्याच्या बोटांच्या खुणा तपकिरी उमटलेल्या असतात. आमच्याकडे एक होता, सज्जन माणूस, त्याला शेवटी टेबलावर कागदाचं काम दिलं. त्यामुळे बोटांचा गंज मी ओळखतो. हे पट्टे बोटांचे होते.

पण तबूकच्या कोरड्या थंडीत पोलादावर असा गंज चढायला महिने जावे लागतात. आणि मुठीवर काहीच नव्हतं. खुणा पुढून होत्या. म्हाताऱ्याने मूठ धरलेली असताना समोरच्याने नळी धरावी, तशा.

मी माझा हात त्यांवर ठेवून पाहिला. माझी बोटं स्लाइडला वळसा घालून पलीकडच्या अंगाच्या निम्म्यावर पोचली. ते चार पट्टे पलीकडून खाली जाऊन, अलीकडे वर येऊन, आपल्याच सुरुवातीला टेकले होते.

ओली सुतळी गुंडाळून ठेवली असेल. रबर असेल. मी मनाशी नावं घेत राहिलो. खिशातून तेलाची बाटली आणि बारीक पॉलिश पेपर काढला आणि घासायला बसलो. वरचा रंग गेला, पण खाली खळगे पडले होते. गंज आत पोचला होता.

"हे कोणी धरलं होतं?" मी विचारलं.

म्हातारा गालिच्याकडे बघत होता. दारापासून साधारण चार हातांवरच्या एका जागेकडे. तिथे दुसरा पेला होता, काठोकाठ भरलेला.

"लोखंडाला तो हात लावत नाही, असं मी समजत होतो," ते म्हणाले.

मग बराच वेळ ते हळू आवाजात बोलत राहिले. माझं अरबी कामापुरतं, तरी मथितार्थ मला कळला. आता दाराशिवाय मागे सरकायला जागा नव्हती. आपण दारातून बाहेर पडलो तर समोर येऊन बसणारं ते आपल्या मागून घरात येईल, असं त्यांना वाटत होतं. घरात ताजुन्निसा होती. महिन्याभराने मुलं-नातवंडं यायची होती. जे काय संपायचं ते या खोलीतच संपायला हवं होतं. पण आपण ऐनवेळी पळून जाऊ याची त्यांना धास्ती होती. म्हणून मी एक दुपार यायचं, दार बाहेरून बंद करायचं, आणि असरची बांग होईपर्यंत उघडायचं नाही. असर झाली की ते रोज जातं.

मग त्यांनी झग्याच्या खिशातून माझा पासपोर्ट काढला आणि पंच्यावर ठेवला. त्यात गावी जाऊन परत येण्याचा शिक्का मारलेला होता. तारीख आदल्या आठवड्यातली होती. मी नाही म्हटलं असतं तरी त्यांनी तो दिला असता, असं मला आजही वाटतं.

"मी काहीही म्हणालो तरी उघडू नकोस, मुअल्लिम," ते म्हणाले. कारागिराला तिकडे मुअल्लिम म्हणतात. अकरा वर्षांत त्यांनी मला दुसऱ्या नावाने हाक मारली नव्हती.

४

त्या रात्री मी गावी बायकोला, सत्यभामेला, फोन लावला. लग्नाचा हॉल ठरला होता, व्याह्यांकडची किती माणसं येणार ते कळलं होतं, किशोरीला शालू हिरवा हवा होता. मी हूं हूं करत होतो. मध्येच ती थांबली.

"आवाज असो कित्याक येता तुमचो? जेवलात मां?"

जेवलो म्हटलं. सुट्टी मंजूर झाल्याचं सांगितलं. ती इतकी आनंदली की बाकीचं सांगायची गरजच उरली नाही.

मी रात्रभर विचार केला आणि माझं उत्तर तयार केलं. म्हाताऱ्याचं मन थकलंय. एक दुपार त्याच्या मनासारखं करावं, काही झालं नाही हे त्याला दिसेल, मग त्याच्या मुलाला फोन करून डॉक्टरकडे न्यायला सांगावं. पिस्तुलात काडतूस नाही, तेव्हा स्वतःला इजा करून घ्यायची भीती नाही. हे उत्तर चांगलं होतं. अजूनही मला त्यात चूक काढता येत नाही.

५

गुरुवारी दुपारच्या नमाजानंतर ते आत गेले. मी पिस्तूल पुन्हा एकदा उघडून बघितलं, रिकामं होतं. ते दाराजवळच्या गादीवर मांडी घालून बसले, दोन्ही हातांनी मूठ धरली, नळी जमिनीकडे. मला म्हणाले, यल्ला, चल. मी दार ओढून घेतलं आणि किल्ली फिरवली. जुन्या पद्धतीची, लांब दांड्याची पोलादी किल्ली. ती मी कुलपातच राहू दिली.

ताजुन्निसा बोळात भिंतीला टेकून जपमाळ ओढत बसली. मी दारापाशी उभा राहिलो. समोर घड्याळ होतं.

दोनपर्यंत काही नाही. स्वयंपाकघरात फ्रिज सुरू व्हायचा, बंद व्हायचा. दोन वाजून गेल्यावर आत बोलणं सुरू झालं. म्हाताऱ्याचाच आवाज, हलका, अजिजीचा, बाजारात गिऱ्हाईक घासाघीस करतं तसा. मध्ये थांबायचा. समोरच्याला बोलायला पुरेल इतका वेळ जायचा, मग पुन्हा सुरू. त्या मधल्या वेळात मी कान लावला. तिथे काहीच नव्हतं. साधा खोलीचा आवाजही नव्हता.

अडीचच्या सुमारास गालिच्यावरून जड काहीतरी ओढत नेल्यासारखं वाटलं. सावकाश, बराच वेळ. मग शांत.

मग दारावर टकटक झाली. हळू, बोटाच्या पेराने वाजवावं तशी. तीनदा.

"मुअल्लिम," म्हातारा म्हणाला. "उघड."

ताजुन्निसाने मान वर केली. मी हललो नाही.

"उघड. झालं. खलास झालं."

पुन्हा टकटक. तीनदा.

"खोल दो, भाई," ताजुन्निसा म्हणाली. "बुढ्ढे हैं. कुछ हो गया तो?"

तिचं बरोबर होतं. सांगितलेलं मोडायला मी तयार झालो. किल्ली धरली. ती गार होती, थंडीत लोखंड असतं त्याहून गार. आणि ती मी फिरवणार तेवढ्यात मला दिसलं की कुलपाच्या भोकाशी दांड्यावर तपकिरी डाग पडलाय.

सकाळी मी ती किल्ली तेलाने पुसली होती. डाग माझ्या डोळ्यांदेखत पुढे आला. कापडावर चहा पसरतो तसा नाही. आधी एक कडं उमटलं. मग त्याच्या पुढे दुसरं. मग तिसरं. दांड्यावरून एकेक बोट पुढे टाकत कुणीतरी माझ्या हाताकडे येत होतं.

मी किल्ली सोडली आणि समोरच्या भिंतीपर्यंत मागे गेलो. ताजुन्निसा माझ्या तोंडाकडे बघत होती. बसल्या जागेवरून तिला किल्ली दिसत नव्हती. ती पुन्हा म्हणाली, खोल दो. मी नाही म्हटलं. ती उठून स्वतः उघडायला निघाली तेव्हा मी तिचा हात धरून तिला मागे ओढलं. परक्या बाईच्या अंगाला हात लावायची माझी ती पहिली वेळ. ती रडायला लागली.

म्हाताऱ्याने आणखी दोनदा हाक मारली. शेवटच्या वेळी त्यांनी मला मुअल्लिम म्हटलं नाही, माझं नाव घेतलं. "बाबाजी," म्हणाले. "बाबाजी, ये." टकटक मात्र तशीच, न घाई, न जोर.

मी घड्याळाकडे बघत राहिलो. पस्तीस मिनिटं.

बांग झाली तशी टकटक थांबली. किल्ली कुलपात धरून बसली होती. पक्कड आणून जोर लावला तेव्हा गंजाचे पापुद्रे खाली पडले आणि कुलूप फिरलं.

अबू राशिद पलीकडच्या भिंतीला होते. तीस फुटांवर, यजमानाच्या जागी, पाय पुढे पसरलेले, रुमाल डोक्यावरून गळून पडलेला. जिवंत होते. दारापासून त्यांच्या टाचांपर्यंत गालिच्याची लव उलटी झाली होती, दोन सरळ रेघा. पिस्तूल त्यांच्या मांडीवर होतं. आख्खं तपकिरी. स्लाइड आणि सांगाडा यांमधली फट गंजाने भरून गेली होती. त्यांचा हात मी मुठीवरून एकेक बोट करून सोडवला.

ताजुन्निसाने त्यांना पाणी पाजलं. ती त्यांना विचारत होती, साहेब, दाराशी येऊन परत इतक्या लांब कशाला गेलात. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"हाका मी मारत होतो," ते म्हणाले. "दार मी वाजवत नव्हतो."

६

संध्याकाळी मोठ्या मुलाचा फोन आला, तेव्हा बापाची तब्येत बिघडलीय एवढंच मी त्याला सांगितलं. रविवारी तो येऊन बापाला रियाधला घेऊन गेला. ती खोली नंतर पाडली, असं ताजुन्निसाकडून कळलं. रियाधला त्यांची तब्येत सुधारली, जेवण वाढलं, दुपारची झोप लागायला लागली. संपायचं होतं ते बहुधा संपलं. काय संपलं ते मी विचारलं नाही.

जाण्यापूर्वी ते गाडीतून वर्कशॉपशी थांबले होते. काच खाली करून त्यांनी मला जवळ बोलावलं, माझं डोकं दोन्ही हातांनी धरलं आणि कपाळाचं चुंबन घेतलं. सांगितल्याप्रमाणे वागलास, म्हणाले. अल्ला तुला याचं फळ देईल. मला मान वर करता आली नाही.

किशोरीचं लग्न चांगलं झालं. मी परत गेलो नाही. सत्यभामेला वाटतं, पोरगी सासरी गेली म्हणून माझं मन तिकडे लागेना. तसंच असू दे.

तपासणी खात्यात आम्ही ओतकाम हातोडीने वाजवून बघायचो. चीर डोळ्यांना दिसत नाही, कानाला कळते. अठरा वर्षं त्याच कानावर मी पोट भरलं. त्या दुपारी बोळात उभा असताना टकटक माझ्यापासून हातभर अंतरावर होती आणि म्हाताऱ्याचा आवाज खोलीच्या पार पलीकडून येत होता. ते दोन आवाज एका जागचे नव्हते, हे मला पहिल्याच हाकेला कळलं होतं. किल्लीवरचा डाग दिसण्याच्या आधी.

म्हातारा आत एकटा नाही आणि दाराशी जे आहे ते म्हातारा नाही, हे मला माहीत होतं. पासपोर्ट माझ्या खिशात होता. मी घड्याळाकडे बघत राहिलो.